मापाची वही

पाणी ओसरल्यावर मशीन उघडलं
तर शटलमध्ये एक मासा होता, बोटाएवढा.
मी हसले. त्या वर्षात तेवढंच.

गिऱ्हाइकांचे सदतीस ब्लाउज विश्वामित्रीने नेले,
त्यांचे पैसे एकेक करून फेडले.
रघूचं काही फेडता येईना.
भाऊ माझा. त्याला पलंगावरून माळ्यावर चढवलं
आणि इन्सुलिन राहिलं खाली, फ्रिजच्या दारात,
अंड्यांशेजारी.
बोट आली तिसऱ्या दिवशी.

मग असं झालं की नळ सुटला की माझे गुडघे सुटायचे.
बादली भरेपर्यंत मी ओट्यावर उभी,
शेजारचा जिग्नेश विचारायचा, मावशी, कोण येणार आहे?

अकोट्याला, दुसऱ्या मजल्यावर, जिगीषाबेन बसतात
(दुसरा मजला, एवढ्यानेच मला बरं वाटलं).
एका बैठकीचे सातशे, म्हणजे अस्तराचे दोन ब्लाउज.
म्हणाल्या, कुंदाबेन, बीक केटली? शून्य ते शंभर?
मी म्हटलं, शंभर मला कळत नाही,
माझी टेप साठ इंची आहे.
त्या थोडं थांबल्या, मग लिहून घेतलं: साठ.

घरी लिहायला दिलं. रकाने पाडा म्हणाल्या.
रकाने माझ्या वहीत होतेच : छाती, कंबर, बाही.
छातीखाली लिहिलं, मी रघूला मारलं.
कंबरेखाली, हे खरं कशावरून :
फ्रिज खाली होता, मला माहीत होतं.
बाहीखाली, खरं नाही कशावरून.
तो रकाना कोराच राहिला.
एक महिना मी अकोट्याला गेलेच नाही.

एका दुपारी कुणाची तरी काखेत दाटणारी चोळी
उसवत बसले होते,
आतली माया सोडत होते, अर्धा अर्धा इंच,
आणि हात थांबला.
प्रत्येक बाईच्या अंगावर मी माया ठेवते,
उद्या ती भरेल, सुटेल, बाळंत होईल म्हणून;
आणि स्वतःवर बेतलेलं ते एक वाक्य
धारेवर शिवलंय, धाग्याचीही जागा न ठेवता.

वही काढली. बाहीखाली लिहिलं :
रात्रीचे अडीच. लाइट नाही. पाणी कंबरेला.
तो चौऱ्याऐंशी किलो. मी एकटी.
आणि मग, बरंच वेळाने,
त्यालाही आठवलं नाही.

वाक्य गेलं नाही. अंगात येतं आता, एवढंच.

मग नळ. आधी करंगळीएवढी धार,
पायांनी पायटा हलवत : चार टाके श्वास आत, सहा बाहेर.
मग तांब्या. मग बादली, दार उघडं ठेवून.
मग बादली, दार लोटून, आणि आत मी,
दिसणाऱ्या पाच वस्तू मोठ्याने मोजत :
साबण, खिळा, गंजलेली बिजागरी, माझा अंगठा,
पाचवी सापडेना तर पुन्हा माझा अंगठा.

शेवटी काळ्या घोड्याच्या पुलावर, भर उन्हात.
खाली चिखलावर मगर पसरलेली,
वाळत घातलेल्या सतरंजीसारखी.
टेप किती? अठ्ठेचाळीस.
पळायचं नाही, उतरेपर्यंत थांबायचं, असा नियम.
एक माणूस स्कूटर थांबवून विचारून गेला, बेन, ठीक छो ने?
त्याला वाटलं मी उडी मारतेय.
चाळीस. एकतीस. मगरीने तोंड मिटलं.
सव्वीसच्या खाली काही गेलं नाही त्या दिवशी.

यंदा पुन्हा मेसेज आला, नदी एकवीस फुटांवर.
मशीनचं डोकं उचलून माळ्यावर नेलं,
गिऱ्हाइकांची कापडं नेली, वही नेली.
मग फ्रिज उघडून दारात बघितलं.
अंडी होती, सहा.
तीही नेली.